सहल टिपेश्वरची : तयारी घरापासून

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्या जवळ आल्या की घराघरांतून सहलीचा विषय निघतो. मुले एक ठिकाण सांगतात, वडील खिशाकडे पाहतात आणि आई गप्प बसते. तिला ठाऊक असते, सहल म्हणजे आपल्याला पहाटे तीनला उठून सगळ्यांच्या पोळ्या लाटणे! वाघ पाहायचा म्हटले तर आपण चंद्रपूरच्या ताडोब्याचे नाव घेतो. पण आपल्याच जिल्ह्यात, केळापूर आणि घाटंजी तालुक्यांत, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते घोषित झाले. जिल्ह्यात जन्म काढूनही त्याची पायरी न चढलेली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी हा लेखप्रपंच.

पहिला प्रश्न खर्चाचा. अभयारण्यात पायी फिरता येत नाही. उघड्या जिप्सीतून, वनविभागाने ठरविलेला मार्गदर्शक बरोबर घेऊन जावे लागते. जिप्सीचे भाडे आणि मार्गदर्शकाचे शुल्क गाडीमागे असते. म्हणून एकट्या कुटुंबाने गाडी करण्यापेक्षा शेजारचे किंवा नात्यातले कुटुंब बरोबर घ्यावे. एका गाडीत साधारण सहा जण बसतात, तेव्हा वाटणी केली की भार हलका होतो. सहा महिने आधीपासून दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवली, तर उसनवारीची वेळ येत नाही. आरक्षण आधीच करावे आणि त्यासाठी दिलेली ओळखपत्रे बरोबर न्यावीत. दर, वेळा आणि आठवड्याचा बंद दिवस निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. पावसाळ्यात जंगल पर्यटकांसाठी बंद असते.

दुसरा प्रश्न, जायचे कधी? एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावरे येतात, म्हणून ती दिसण्याची शक्यता जास्त. पण आपल्याकडचे ऊन लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कुटुंबाला बरा. मात्र पहाटेच्या उघड्या गाडीत थंडी अंगाला झोंबते, तेव्हा स्वेटर आणि कानटोप्या विसरू नयेत. यवतमाळहून पांढरकवडा सुमारे सत्तर किलोमीटर. सकाळची फेरी घ्यायची असेल तर आदल्या रात्री पांढरकवड्याला मुक्काम करणे सोयीचे. तेवढा खर्च नको असेल तर दुपारची फेरी घ्यावी.

कपडे खाकी, मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत, भडक नकोत. अत्तर लावू नये. पाण्याच्या बाटल्या, उन्हाची टोपी, गाडी लागणाऱ्यांसाठी औषध बरोबर घ्यावे. जेवण मात्र सोपे ठेवा. भाकरी, ठेचा, चिवडा एवढे पुरे, आणि तेही सगळ्यांनी मिळून आदल्या संध्याकाळी तयार करावे. घरच्या बाईलाही तो दिवस सुटीचा वाटला पाहिजे. जेवायचे ते प्रवेशद्वाराबाहेर. आत खाऊचे कागद टाकणे, जनावरांना खायला घालणे, त्यांना छेडणे, बिडी-सिगारेट पेटवणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात वन्यप्राण्यांना छेडणे, कचरा टाकणे आणि आग लावणे हा गुन्हा आहे.

आता खरी तयारी. मुलांना "वाघ दाखवतो" असे वचन देऊ नका. वाघ काही सर्कशीतला नाही. तो दिसला नाही की मूल हिरमुसते आणि सहल फुकट गेली असे सगळ्यांनाच वाटते. त्यापेक्षा आधी घरी जिल्ह्यांचा नकाशा पसरा आणि मुलांना एक खरी गोष्ट सांगा. टिपेश्वरमध्ये जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये येथून निघाला. तेलंगणातील आदिलाबादकडून नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असा शेतेशिवारे, नाले, रस्ते ओलांडत तो पाच महिन्यांत तेराशे किलोमीटरहून अधिक चालला आणि डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मुलांना ती वाट बोटाने काढू द्या. एवढे चालण्याचे कारण काय, तर स्वतःची जागा आणि जोडीदार शोधणे, असे अभ्यासक सांगतात.

मग जंगलात गेल्यावर मुले वाघाशिवायही बरेच काही पाहतील. चितळाची हाक आणि वानराचा खकार वाघ-बिबट्या जवळ असल्याची वर्दी देतो. धुळीतला पंजाचा ठसा, किड्यांनी जाळी केलेले सागाचे पान, रोही, सांबर, अस्वलाने उकरलेले वारूळ, मोर. कोणी किती ओळखले याची वही ठेवावी.

एक गोष्ट मोठ्यांनी ध्यानात ठेवावी. आपण वाघ पाहायला जातो, पण जंगलाला लागून राहणाऱ्यांना तो न दिसलेलाच बरा वाटतो. पांढरकवडा-राळेगाव भागात १३ माणसांच्या मृत्यूशी नाव जोडली गेलेली 'अवनी' वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळीने मारली गेली. तेव्हा शहरांत वाघिणीसाठी हळहळ झाली. गावांत कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. दोन्ही भावना खऱ्या होत्या. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करून पोट भरणाऱ्यांना जंगलात पाऊल टाकावेच लागते. म्हणून मार्गदर्शकाला फक्त "वाघ कुठे?" एवढेच विचारू नका. "तुमचे गाव कोणते, रात्री शेतात जाता का?" हेही विचारा. मुलांना ते ऐकू द्या.

वने आणि वन्यजीव जपणे, प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे आपल्या संविधानाने कलम ५१(क) मध्ये नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते शाळेच्या पुस्तकात पाठ करून घेता येते. पण वाघाचे घर आणि वाघाच्या शेजाऱ्याचे घर एकाच दिवशी पाहिलेल्या मुलाला ते अधिक समजेल. तेव्हा यंदाच्या सुटीत वाचकांनी दोन-तीन कुटुंबे मिळून बेत आखावा. डबा हलका ठेवावा, आवाज कमी ठेवावा आणि डोळे उघडे ठेवावेत.