बिनइंजिनाचें विमान आणि वारा

भर दुपारीं आकाशांत घिरट्या घालणारी घार सर्वांनीं पाहिलेली असते. पंख पसरून ती वर्तुळें घेत राहते, पंखांची फडफड क्वचितच करते, आणि तरीही खालीं न येतां क्रमाक्रमानें वर चढत जाते. श्रमावांचून उंची कमावण्याची ही विद्या माणसानें पक्ष्यांपासून उचलली. आणि पुढें जमिनीवर उभें राहून, हातांतील बिनतारी यंत्राच्या साह्यानें, ती लहान नमुना-विमानांनाही शिकविली. अशा विमानास ग्लायडर म्हणतात. अमेरिकेंतील हार्टफर्ड या शहरीं रॉस हल व क्लिंटन डीसोटो या दोघां बिनतारी-तज्ज्ञांनीं १९३७ सालीं या दिशेनें आरंभींचे यशस्वी प्रयोग केले. चालकाच्या हातांतील यंत्र बिनतारी लहरींनीं आज्ञा पाठवितें. विमानाच्या पोटांतील ग्राहकयंत्र ती झेलतें व लहानशा मोटरींकडून सुकाणूं हालवितें. परंतु ही आज्ञा केवळ दिशेची असते, शक्तीची नव्हे. शक्ति पुरविणारा धनी वेगळाच आहे. तो म्हणजे वारा.

कोणतेंही ग्लायडर हवेच्या मानानें सदैव खालींच येत असतें. घसरगुंडीवरून उतरणाऱ्या मुलाप्रमाणें तें उंची खर्चून वेग मिळवितें. उत्तम बांधणीचें नमुना-विमान स्थिर हवेंत सेकंदाला सुमारें अर्धा मीटर उतरतें. मात्र ज्या हवेंतून तें चाललें आहे ती हवाच सेकंदाला एक मीटर वर जात असेल, तर हें उतरणारें विमानही जमिनीपासून वर वर जाऊं लागतें. तेव्हां वर चढणारी हवा हुडकून काढणें हेंच चालकाचें खरें काम होय. ती डोळ्यांना दिसत नाहीं, आणि कोठें सांपडेल हें स्थळावर व ऋतुमानावर अवलंबून असतें. कॅलिफोर्नियांतील तीन ठिकाणीं तिचे तीन निरनिराळे प्रकार पाहावयास मिळतात.

सॅन डिएगो शहराच्या उत्तर भागांत टॉरी पाइन्स येथें समुद्राला लागून सुमारें ३०० फूट उंचीचा कडा आहे. दुपारीं जमीन तापली कीं पॅसिफिक महासागरावरून वारा जमिनीकडे वाहूं लागतो, कड्यावर येऊन थडकतो आणि पुढें वाट नसल्यामुळें वर वळतो. १९३० सालीं चार्ल्स लिंडबर्ग यानें याच किनाऱ्यावरील चढत्या वाऱ्याच्या आधारें मोठें ग्लायडर चालविलें होतें. नमुना-विमानांचे शौकीनही त्याच वाऱ्याचा लाभ घेत आले आहेत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेंत झाडें-घरें नसतात, म्हणून तो संथ व एकसारखा असतो. कड्याच्या तोंडाशीं हलकेंच सोडलेलें विमान तेथें तासन् तास तरंगूं शकतें. परंतु वारा कड्याला समोरून मिळाला पाहिजे. तो तिरकस वाहूं लागला कीं उचल कमी होते. आणि अजिबात पडला, तर खालची वाळू किंवा पाणी यांवांचून विमानाला गति राहत नाहीं.

सपाट प्रदेशांत कड्याचें काम सूर्य करतो. सॅन होआकीन खोऱ्यांतील व्हिसेलिया हें शेतीवाडीचें गांव तेथील स्पर्धांमुळें या शौकिनांत प्रसिद्धीस आलें. अशा ठिकाणीं लांब दोरीनें पतंगाप्रमाणें ओढून विमान वर चढवितात व मग दोरी सोडतात. नांगरलेली जमीन किंवा डांबरी रस्ता हिरव्या पिकापेक्षां लवकर तापतो. त्यावरील हवा फुगून हलकी होते व स्तंभासारखी वर उठते. तिची जागा भरण्यास भोंवतालची हवा धांव घेते. म्हणून अनुभवी चालकाचें एक लक्ष विमानाकडे, तर दुसरें आपल्या गालावरील झुळुकीकडे असतें. झुळूक एकाएकीं ज्या दिशेस वळली, त्या दिशेस स्तंभ असण्याचा संभव. उडतां उडतां विमानाचा एक पंख आपोआप उचलला गेला, तर त्याच बाजूस वळण घेऊन चालक घारीसारखीं वर्तुळें घालूं लागतो.

मात्र हा स्तंभ वाऱ्याबरोबर वाहत जातो. त्याच्या लोभानें फार दूर गेलेलें विमान पुष्कळ उंच असूनही परत येऊं शकत नाहीं. कारण परततांना वारा तोंडावर असतो, आणि चढत्या हवेच्या आजूबाजूस उतरती हवा असते. टिपक्याएवढें झालेलें विमान जवळ येत आहे कीं दूर जात आहे हेंच कळेनासें होतें, आणि कित्येक महिन्यांची मेहनत पाहतां पाहतां क्षितिजाआड जाते.

हवामान बदललें कीं विमानही बदलावें लागतें. प्रातःकाळच्या निपचित हवेंत सुमारें दीड मीटर पंखविस्ताराचें, अवघें २५० ग्रॅमच्या आसपास वजनाचें, थाळीसारखें गरकन् फिरवून हातानें फेंकावयाचें ग्लायडर उपयोगीं पडतें. उलट, वारा जोराचा असतां विमान हलकें असावें असें नवख्यास वाटतें. पण जाणता चालक त्याच्या पोटांत शिशाचे किंवा पितळेचे तुकडे भरतो. वजन दुप्पट झालें तरी घसरणीचा कोन जवळजवळ तोच राहतो. वेग मात्र सुमारें १.४ पट होतो, आणि वाऱ्याला तोंड देऊन पुढें सरकतां येतें. अर्थात् आदळल्यास आघातही तितकाच मोठा.

डोंगराची वाऱ्याआडची बाजू ही एरवीं ग्लायडरची स्मशानभूमीच. तेथें हवेचे भोंवरे विमानाला जमिनीवर आपटतात. परंतु वरचा धांवता वारा व खालची मंद हवा यांच्या सीमेवर शक्तीचा सांठा असतो. वाऱ्याच्या निरनिराळ्या थरांतील वेगाच्या फरकावर पक्षी उडत राहूं शकतो, हें लॉर्ड रेले यानें १८८३ सालींच दाखविलें होतें. अल्बट्रॉस पक्षी याच युक्तीनें महासागर ओलांडतो. ती सीमा वर्तुळाकार पुन्हां पुन्हां ओलांडणारें विमान प्रत्येक फेऱ्यास वेग मिळवितें. कॅलिफोर्नियांतील पार्कर पर्वतावर २०२१ सालीं एका नमुना-विमानानें या रीतीनें ताशीं ५४८ मैलांचा वेग गांठला, आणि तोही इंजिनावांचून! अशा विमानाच्या वाटेंत उभें राहणें म्हणजे प्राणाशीं खेळ.

म्हणूनच जाणता चालक नव्या स्थळीं पोंचतांच विमान बाहेर काढीत नाहीं. प्रथम तो चिमूटभर वाळलेलें गवत हवेंत सोडून पाहतो, उतरण्याची जागा ठरवितो, आणि वारा एकाएकीं पडल्यास विमान कोठें जाईल, तेथें रस्ता किंवा माणसें आहेत काय, याचा अंदाज घेतो. उत्तर समाधानकारक नसेल तर पेटी न उघडतांच तो माघारीं फिरतो. घार तरी भल्या पहाटे उंच आकाशांत कोठें असते? जमीन तापेपर्यंत ती झाडावर बसून राहते.