आंतरराष्ट्रीय करार आणि देशांतर्गत कायदा : बियाण्यांवरील पेटंटचे उदाहरण

प्रास्ताविक

मृग नक्षत्राच्या तोंडावर देगलूरचा शेतकरी बीटी कापसाच्या बियाण्याची पिशवी विकत घेतो. हे बियाणे कोणाच्या मालकीचे आणि त्यावर शेतकऱ्याचा हक्क किती, हे ठरविण्यात जिनिव्हा येथील जागतिक व्यापार संघटना, भारताची संसद आणि न्यायालये या तिन्हींचा वाटा आहे. राष्ट्रांपलीकडचा नियम शेतापर्यंत कसा पोहोचतो, ते या उदाहरणातून समजून घेऊ.

करारापासून कायद्यापर्यंत

बौद्धिक संपदेविषयीचा ‘ट्रिप्स’ करार १ जानेवारी १९९५ रोजी अमलात आला. त्याच्या अनुच्छेद २७.३(ब) नुसार वनस्पती व प्राणी यांना पेटंटमधून वगळता येते. सूक्ष्मजीवांना मात्र वगळता येत नाही. तसेच वनस्पतींच्या वाणांना पेटंटद्वारे किंवा स्वतंत्र परिणामकारक व्यवस्थेद्वारे संरक्षण देणे बंधनकारक आहे.

अशा कराराचे रूपांतर कायद्यात करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ ने संसदेला दिला आहे. करार न पाळल्यास अन्य सदस्यराष्ट्र तक्रार करू शकते. औषधे व कृषिरसायने यांच्या पेटंट-अर्जांबाबत अमेरिकेने केलेल्या तक्रारीचा निर्णय १९९७ मध्ये भारताच्या विरोधात गेला आणि १९९९ मध्ये पेटंट कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

युरोपीय संघातही हा मार्ग सरळ नव्हता. जैवतंत्रज्ञानविषयक १९९८ चा निर्देश ३० जुलै २००० पर्यंत राष्ट्रीय कायद्यांत उतरवायचा होता. अनेक सदस्यराष्ट्रांनी ही मुदत पाळली नाही. नेदरलँड्सने तर निर्देशालाच आव्हान दिले. ते २००१ मध्ये फेटाळले गेले.

भारताची निवड

ट्रिप्समधील मोकळीक भारताने वापरली. २००२ च्या दुरुस्तीने वनस्पती, त्यांचे भाग आणि बियाणी पेटंटमधून वगळण्यात आली. वाणांसाठी २००१ चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा करण्यात आला. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी संरक्षित वाणाचे बियाणे राखून ठेवू शकतो, पेरू शकतो, इतरांना देऊ शकतो आणि विकूही शकतो. केवळ ब्रँडच्या नावाने विकू शकत नाही.

तथापि बियाण्यात घातलेल्या जनुकाचे काय? मोन्सॅन्टो व नुझिवीडू यांच्यातील वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१८ मध्ये बीटी जनुकाचे पेटंट अवैध ठरविले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि असा गुंतागुंतीचा प्रश्न साक्षीपुराव्यानिशी तपासला पाहिजे, असे सांगितले.

हक्काची मर्यादा

कलम ३९ चा हक्क कागदावर व्यापक आहे. परंतु भारतातील बीटी कापूस मुख्यतः संकरित आहे. संकरित पिकाच्या सरकीतून पुढील पिढीत तेच गुण एकसारखे उतरत नाहीत. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘नांदेड-४४’ हा सार्वजनिक संशोधनातील वाणही संकरितच आहे. म्हणून कायद्याने बियाणे राखण्याची मुभा दिली, तरी शेतकऱ्याला दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते.

सारांश

आंतरराष्ट्रीय करार चौकट देतो. तीत काय भरायचे, हे देशाची संसद व न्यायालये ठरवितात. त्या हक्काचे प्रत्यक्ष मोल मात्र बियाण्याच्या स्वरूपावरही अवलंबून असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ट्रिप्स कराराने सदस्यराष्ट्रांना कोणती मोकळीक दिली?
२. शेतकऱ्याचा कायदेशीर हक्क आणि त्याचा प्रत्यक्ष उपयोग यांत अंतर का पडते?