कुटुंबानें एकत्र बसून पाहावे असे चार चित्रपट

चित्रपट पाहण्याची हौस आतां कोणत्याही घराला परकी राहिलेली नाहीं. पूर्वीं चित्रपटगृहांत जावयाचें तर वडीलधाऱ्यांची परवानगी काढावी लागे. आज पडदाच घरांत आला आहे, आणि प्रत्येकाच्या हातांतही एकेक लहान पडदा आहे. साधनें वाढलीं, पण एक योग मात्र दुर्मिळ झाला. सगळ्या घरानें एका ठिकाणीं बसून एकच कथा पाहावी आणि रात्रीं जेवतांना तिच्याविषयीं बोलावें, असें आतां फारसें घडत नाहीं. आजोबा एका खोलींत, नातू दुसऱ्या खोलींत, आणि सूनबाई कामें उरकतां उरकतां स्वयंपाकघरांत, असा प्रत्येकाचा चित्रपट वेगळा असतो. तो योग पुन्हां यावा, या हेतूनें तीन परदेशी व एका बंगाली चित्रपटाची ओळख आमच्या वाचकांना करून देत आहों.

‘परदेशी चित्रपट’ हे शब्द ऐकतांच दोन शंका पुढें येतात. पहिली भाषेची. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविला गेला व नांवाजला गेला. तेथील प्रेक्षकांना मराठी येण्याचें कांहींच कारण नव्हतें. तरी तुकोबांची निरिच्छता आणि रिकाम्या डब्यांकडे पाहून जिजाईनें केलेला त्रागा समजण्यास त्यांना शब्दकोश लागला नाहीं. इटलीच्या माणसांना आपलें देहू समजूं शकतें, तर आपणांस त्यांचें रोम कां समजूं नये? पडद्याच्या तळाशीं इंग्रजी वाक्यें येत असतात. आजीला तीं वाचतां येत नसतील तर घरांतील एखाद्या कॉलेजांतल्या मुलानें वा मुलीनें तीं मराठींत सांगत जावें. चातुर्मासांत एकानें पोथी वाचावी व बाकीच्यांनीं ऐकावी, ही रीत आपल्या घरांना नवी नाहीं.

दुसरी शंका मर्यादेची. तिचें समाधान आम्ही असें करतों कीं, या चारही चित्रपटांत लहान मुलांना उठवून बाहेर पाठवावें असें एकही दृश्य नाहीं.

पहिला चित्रपट इटालियन आहे : व्हित्तोरिओ डी सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. महायुद्धानंतरचें रोम शहर. जिकडे तिकडे बेकारी. अंतोनिओ नांवाच्या गृहस्थाला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचें काम मिळतें, पण स्वतःची सायकल हवी अशी अट असते. सायकल तर गहाण पडलेली! त्याची बायको मारिया घरांतल्या चादरी काढून गहाण टाकते आणि सायकल सोडविली जाते. कामाच्या पहिल्याच दिवशीं ती चोरीस जाते. पुढली सारी कथा म्हणजे बापानें आणि लहानग्या ब्रूनोनें शहरभर केलेला शोध होय. एका हॉलीवुडच्या निर्मात्यानें नामांकित नट घेण्याच्या अटीवर भांडवल देऊं केलें असतां डी सिका यांनीं तें नाकारलें, आणि नायकाची भूमिका कारखान्यांतील एका खऱ्या कामगाराला दिली. त्या माणसाच्या चालण्यांत व खांदे पाडून उभें राहण्यांत जी सत्यता आहे ती या निवडीचें फळ आहे.

शोध करतां करतां बाप संतापाच्या भरांत ब्रूनोला थप्पड मारतो. मग पस्तावून, खिशांत फारसें कांहीं नसतांना, त्याला खाणावळींत घेऊन जातो. शेवटीं सर्व उपाय थकल्यावर हा प्रामाणिक माणूस स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलूं पाहतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. सायकलचा मालक पोराकडे पाहून त्याला सोडून देतो. गर्दींतून जातांना ब्रूनो बापाचा हात आपल्या हातांत घेतो, आणि चित्रपट तेथेंच संपतो. मुलाच्या दृष्टींतून उतरण्याचें भय कोणत्या बापाला वाटत नाहीं? त्या भयाचें इतकें सरळ व इतकें दयाळू चित्रण क्वचितच झालें असेल. १९५२ सालीं मुंबईस भरलेल्या भारतांतील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत हा चित्रपट दाखविण्यांत आला होता.

दुसरा चित्रपट खास मुलांच्या आवडीचा आहे. इराणचे दिग्दर्शक माजिद माजिदी यांच्या १९९७ सालच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’मध्यें अली नांवाच्या मुलाकडून धाकट्या बहिणीचे नुकतेच दुरुस्त केलेले बूट हरवतात. घरांत दारिद्र्य, आई आजारी, घरभाडें थकलेलें. वडिलांना सांगावें तर नवे बूट घेण्यास पैसे नाहींत. तेव्हां भावंडें एक युक्ति काढतात. सकाळच्या शाळेला झहरानें भावाचे बूट घालून जावें आणि दुपारीं धांवत येऊन ते त्याच्या स्वाधीन करावे! गल्लीच्या कोपऱ्यावर होणारी ती बुटांची अदलाबदल पाहतांना मुलें हंसतील, मोठ्यांना मात्र हंसूं येणार नाहीं. पुढें एका शर्यतींत तिसऱ्या क्रमांकाचें बक्षीस बुटांचा जोड आहे असें समजल्यावर अली पळण्यास उतरतो. पण येतो पहिला, आणि सारे त्याला खांद्यावर घेत असतां तो रडवेला होतो.

या चित्रपटांत एक लहानसा प्रसंग आहे. वडील घरीं बसून मशिदीसाठीं साखरेचे खडे फोडीत असतात. मुलगी चहा आणते, पण त्यांत साखर नसते. पुढ्यांत साखरेची रास असूनही त्यांतला एक खडा ते स्वतःच्या चहाला घेत नाहींत; कारण ती ठेव दुसऱ्याची आहे. सचोटीवर दिलेल्या दहा व्याख्यानांनीं जें साधणार नाहीं, तें मुलांच्या मनांत या एका दृश्यानें उतरतें.

तिसरा चित्रपट परदेशी नव्हे. परंतु मोठ्या कंपनीच्या आश्रयावांचून निघणाऱ्या स्वतंत्र निर्मितीचा त्याच्यासारखा दाखला आपल्या देशांत दुसरा नाहीं. सत्यजित राय यांनीं १९५० सालीं लंडनमध्यें ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला आणि तशाच साधेपणानें विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी पडद्यावर आणण्याचा निश्चय केला. पैशासाठीं पत्नीचे दागिने गहाण पडले, आणि काम कित्येक महिने बंद राहिलें. अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्यानें चित्रपट १९५५ सालीं पुरा झाला. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनीं तोंवर चित्रपटाचा कॅमेरा कधीं चालविलाच नव्हता!

हरिहर भटजींच्या पडक्या घरांतील अपू व दुर्गा या भावंडांची ही कथा सर्वश्रुत आहे. आम्ही वाचकांचें लक्ष घरांतल्या वृद्ध इंदिर ठाकरूणकडे वेधूं इच्छितों. ही दूरच्या नात्याची म्हातारी. दुर्गा तिला चोरून फळें आणून देते, आणि गृहिणी सर्वजया तिला टाकून बोलते. सर्वजया दुष्ट नाहीं. दोन मुलांच्या तोंडीं घास घालतांना तिचा जीव मेटाकुटीस आलेला आहे. तरी त्या टोमण्यांनीं म्हातारी आपलें गांठोडें उचलून घराबाहेर पडते, परत येते, आणि पुन्हां घालविली गेल्यावर बांबूच्या बनांत एकटी मरून पडते. एकाच छपराखालीं राहिल्यानें वृद्धांचा प्रश्न आपोआप सुटतो अशी एकत्र कुटुंबाच्या अभिमान्यांची समजूत असेल, तर ती या चित्रपटानें खचित दूर होईल.

चौथा चित्रपट आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविला आहे. जपानचे थोर दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ १९५३ सालचा. ओनोमिची या समुद्रकांठच्या गांवचें एक वृद्ध जोडपें टोकियोंतील मुलांकडे पाहुणे म्हणून येतें. थोरला मुलगा डॉक्टर. फिरावयास निघण्याची तयारी झाली असतां रोग्याचें बोलावणें येतें. मुलीचें केशभूषेचें दुकान. तिला गिऱ्हाइकांतून सवड नाहीं. शेवटीं भावंडें वर्गणी काढून आईबापांना अतामीच्या गरम झऱ्यांच्या ठिकाणीं पाठवितात. तेथील गोंगाटानें रात्रभर डोळ्यास डोळा लागत नाहीं, आणि बिचारीं दुसऱ्याच दिवशीं परत येतात. तों मुलीच्या घरीं त्या रात्रीं बैठक ठरलेली! भरल्या शहरांत पांच मुलांच्या आईबापांना रात्र कोठें काढावी असा प्रश्न पडतो.

त्यांना माया मिळते ती नोरिको या विधवा सुनेकडून. तिचा पति युद्धांत नाहींसा होऊन आठ वर्षें लोटलीं आहेत. ती कचेरींत नोकरी करते, एका खोलींत राहते. तरी रजा काढून सासूसासऱ्यांना शहर दाखविते, शेजारणीकडून उसनें आणून त्यांचें आतिथ्य करते. त्या रात्रीं सासू तिच्याकडे राहते, आणि गेलेल्या मुलाच्या अंथरुणावर झोपावयास मिळालें याचेंच म्हातारीला केवढें सुख वाटतें! गांवीं परतल्यावर ती थोड्याच दिवसांत वारते. उत्तरकार्य होतें न होतें तोंच मुलगी आईचीं वस्त्रें आठवण म्हणून मागून घेते आणि सारीं लगबगीनें आपापल्या कामांवर परततात. मागें राहते ती सूनच.

हीं मुलें वाईट असतीं तर त्यांना दोष देऊन आपण मोकळे झालों असतों. परंतु ओझूंनीं ती सोय ठेविलेली नाहीं. डॉक्टराला खरोखरच रोग्याकडे जावें लागतें; मुलीचें पोट खरोखरच दुकानावर आहे. आईबापही कोणाविषयीं कटु शब्द काढीत नाहींत. आणि ज्या सुनेचे गुण सासरे गातात, ती स्वतःच रडत सांगते कीं आपण तितक्या चांगल्या नाहीं. दिवसच्या दिवस पतीची आठवणही येत नाहीं, आणि पुढें काय होणार या विचारानें भीति वाटते. तेव्हां सासरे पत्नीचें घड्याळ तिच्या हातीं देतात आणि दुसरें लग्न करण्याविषयीं तिला कळकळीनें सांगतात. ज्या महाराष्ट्रांत धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह करून लोकनिंदा सोसली, तेथल्या वाचकांना या प्रसंगाचें मोल निराळें सांगावयास नको. सुनेच्या सेवेची वाखाणणी पुष्कळ सासरे करतात. तिच्या उरलेल्या आयुष्याची काळजी किती जण वाहतात?

एक सूचना मात्र करावीशी वाटते. ‘टोकियो स्टोरी’ संथ आहे. ओझूंचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर जणुं मांडी घालून बसतो व जागचा सहसा हलत नाहीं. म्हणून आरंभ ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’नें करावा आणि महिन्यास एक या क्रमानें चौथ्या महिन्यांत येथवर यावें. रविवारची दुपार बरी. हातांतले लहान पडदे तेवढा वेळ बाजूस ठेवावे, आणि चित्रपट संपल्याबरोबर दिवे लावून उठण्याची घाई करूं नये.

चित्रपट पाहून झाल्यावर मुलांना तात्पर्य विचारूं नये, तीं कंटाळतात. त्यापेक्षां घरांतील ज्येष्ठांना विचारावें कीं तुम्हांला यांतलें कोण ओळखीचें वाटलें? त्यांचें उत्तर कदाचित् लगेच येणार नाहीं. चार दिवसांनीं भाजी निवडतांना वा सुपारी कातरतांना आजी आपण होऊन एखादी जुनी गोष्ट सांगूं लागेल. त्या वेळीं तिच्याजवळ बसावयास घरांतील कोणाला तरी सवड असावी, एवढीच आमची विनंति आहे.