विंचवाचे बिऱ्हाड आणि त्याचे वजन

जयपूरच्या दक्षिणेस, झालानाच्या डोंगररांगेलगत वसलेल्या मालवीय नगराला एका अंगाने बिबट्यांचे अरण्य आणि दुसऱ्या अंगाने औद्योगिक वसाहतीतील कर्मशाळा असा दुहेरी शेजार लाभला आहे. आणि ज्या कुणास चाकांवर घर बांधून वाळवंटे, पर्वत व परमुलूख पालथे घालण्याची आकांक्षा असेल, त्याने गुळगुळीत जाहिरातपत्रके चाळण्यापूर्वी या दोन्ही शेजाऱ्यांकडे थोडा वेळ पाहावे. अरण्यात पर्यटकांना हिंडवणारी उघडी जिप्सी 1985 साली बाजारात आली आणि आता तिचे उत्पादनही थांबले आहे. तिचे इंजिन लहान, टायर अरुंद, तरीही दगडगोट्यांच्या चढावर ती सहसा अडत नाही, आणि याचे श्रेय चारही चाकांना मिळणाऱ्या गतीइतकेच तिच्या जेमतेम एक टन वजनालाही दिले पाहिजे. मात्र तीत निजता येत नाही. निजण्याची सोय करावी तर पत्रेकाम आणि सुतारकाम आले, आणि आत बसवलेला प्रत्येक खण, प्रत्येक फळी, पाण्याची प्रत्येक टाकी त्या हलकेपणातून वजा होत जाते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण सहज म्हणून जातो. पण विंचू पाठीवर काय काय वाहत नाही, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

कॅम्पर व्हॅन घेऊ इच्छिणारा गृहस्थ बहुधा आतून बाहेर विचार करत येतो. पलंग किती लांब, शेगडी किती बर्नरची, स्नानाची सोय आहे की नाही, हे तो प्रथम विचारतो, आणि गाडी कोणत्या वाटेने, कोणत्या सरहद्दीवरून व कोणत्या दस्तऐवजावर जाणार हा प्रश्न पैसे मोजून झाल्यावर त्याच्यापुढे उभा राहतो. हा क्रम उलटा केल्यावाचून शहाणपणाची निवड होणे नाही: आधी वाट, मग कागद, मग वजन, मग यंत्र, आणि सुखसोयी सर्वांच्या शेवटी.

वाटेचेच प्रथम पाहू. 1955 साली ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील सहा विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि भारत व ब्रह्मदेश ओलांडून पुढल्या वर्षी सिंगापूरला पोहोचले. आज जयपूरच्या मनुष्याला ती खुष्कीची वाट तशी मोकळी नाही. पश्चिमेची सरहद्द बंद, म्यानमारची वाट तेथील अशांततेमुळे बेभरवशाची, आणि चीनमध्ये परकी गाडी न्यायची तर आगाऊ परवानगी व सोबत तेथील वाटाड्या हवाच. नेपाळात मात्र सरहद्दीवर दिवसांच्या हिशेबाने भन्सार, म्हणजे जकात, भरून भारतीय गाडी नेता येते, आणि पहिल्या परदेशप्रवासाला तोच मुलूख उत्तम. त्यापलीकडचे बहुतेक प्रवास न्हावा-शेवा किंवा मुंद्रा अशा बंदरांतून, गाडी कंटेनरात घालूनच आरंभावे लागतात. साध्या कंटेनरच्या दाराची उंची सुमारे 2.28 मीटर, उंच जातीच्या कंटेनरची सुमारे 2.58 मीटर, आणि रुंदी दोहोंची सुमारे 2.34 मीटर असते. उलट ज्या व्हॅनमध्ये मनुष्य ताठ उभा राहू शकतो ती बहुधा अडीच मीटरांच्या वरच जाते, आणि मग छपरावरच्या सौरपट्ट्यांची चार बोटे उंचीदेखील गाडीला बंदरातून परत पाठवण्यास पुरेशी ठरते. उंच गाडी थेट जहाजाच्या पोटात हाकत नेण्याची दुसरी पद्धत आहे खरी, पण तीत किल्ली परक्या हाती सोपवावी लागते आणि आतल्या चीजवस्तूंची शाश्वती राहत नाही. म्हणून वाटेत मिटलेले व मुक्कामी उघडणारे छप्पर हेच परदेशप्रवाशाला अधिक सोयीचे.

कागदांत मुख्य कागद कार्नेटचा. गाडी परदेशी विकली जाणार नाही, मुदतीत परत येईल, एवढ्याच गोष्टीची हमी देणारे हे पुस्तक असून 1954 साली न्यूयॉर्क येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा त्यास आधार आहे. आपल्याकडे ते 1919 साली स्थापन झालेली मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. पुस्तकाचे प्रत्येक पान तीन भागांचे असते: एक भाग प्रवेशाच्या वेळी जकात अधिकारी फाडून घेतो, दुसरा निर्गमनाच्या वेळी, आणि पुस्तकातच राहणाऱ्या तिसऱ्या भागावर दोन्ही वेळचे शिक्के उमटतात. यांतील निर्गमनाचा शिक्का घाईगर्दीत राहून गेला, तर गाडी जयपुरात घरापुढे उभी असूनही दप्तरी ती त्या देशातच राहते आणि तिच्यावरील जकातीचा दावा हमीदारावर येऊ शकतो. निवडीशी या साऱ्याचा संबंध असा, की हमीची रक्कम गाडीच्या किमतीशी निगडित असते. गाडी जितकी मौल्यवान, तितका पैसा प्रवासभर अडकून पडतो. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना त्या मानाने सोपा. तो परिवहन कचेरीत मिळतो आणि वर्षभर चालतो.

त्याच कचेरीचा संबंध दुसऱ्या, अधिक नाजूक बाबतीत येतो. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अधिक स्पष्ट केले. मोटार कॅराव्हानसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. तेव्हा कर्मशाळेतील कारागीर कितीही कुशल असला, तरी मंजुरीची तजवीज झाल्यावाचून छपराला करवत लावू देऊ नये. सरहद्दीवरचा अधिकारी नोंदणीपुस्तकातील वर्णन आणि पुढ्यातील गाडी ताडून पाहतो, आणि तेथे रदबदलीला फारसा वाव नसतो.

आता वजन. नोंदणीपुस्तकात गाडीचे रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी हीच आपल्या संसाराची मर्यादा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, ऐंशी लिटर डिझेल म्हणजे सुमारे पासष्ट किलो, आठ बाय चार फुटी 18 मिलिमीटर प्लायवुडचा एकेक तक्ता तीस किलोहून अधिक, आणि दोन माणसे धरली की साध्या पिकअपची निम्मी मर्यादा बिछाना पसरण्यापूर्वीच संपते. धर्मकाट्यावर गाडी एकदा संपूर्ण, एकदा केवळ पुढची चाके आणि एकदा केवळ मागची चाके चढवून तोलावी; मागच्या अक्षाच्याही मागे जड टाकी बसवली असेल तर पुढची चाके हलकी पडलेली आकड्यांत दिसतात, आणि घाटात सुकाणू ऐकेनासे होते ते याच कारणाने.

जयपूरहून सुमारे ऐंशी किलोमीटरवर सांभर सरोवर आहे. उन्हाळ्यात त्याच्या तळावर मिठाची पांढरी साय धरते आणि खाली चिखल तसाच ओला असतो; हलकी गाडी तेथून निभावते, भारी गाडी साय फोडते, आणि चालकाने घाबरून अॅक्सिलरेटर दाबला की चारही चाकांची गती त्याला दोनांऐवजी चार खड्डे खणून देते. जैसलमेरपलीकडे समच्या वाळूत शिरायचे तर टायरमधील हवा पस्तीसवरून अठरा-वीस पौंडांपर्यंत उतरवावी, म्हणजे टायर पसरतो आणि भार अधिक जागेवर विभागला जातो. डांबरी सडकेवर येताच ती पुन्हा भरावी लागते, म्हणून हवेचा छोटा पंप हा शेगडीहून निकडीचा.

यंत्राकडे आता वळता येईल. भारतीय बाजारातील प्रशस्त व्हॅन सामान्यतः दोनच चाकांवर चालतात. चारही चाकांची गती हवी तर जीप किंवा पिकअप या वर्गाकडे जावे लागते. 1958 साली नवलमल फिरोदियांनी स्थापलेल्या बजाज टेम्पोचा, म्हणजे आजच्या पुण्याच्या फोर्स मोटर्सचा, वारसा सांगणारी गुरखा अत्यंत मंद व बलवान चालीच्या लो-गियरसह दोन्ही अक्षांवर डिफरन्शियल लॉक देते, त्यामुळे एक चाक अधांतरी राहिले तरी दुसरे ओढत राहते. दगडी चढावर या लो-गियरचा मोठा उपयोग; परंतु परदेशात गुरखाचे सुटे भाग मिळणे दुरापास्त. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स या पिकअपचे भाऊबंद थायलंड, ऑस्ट्रेलिया, अरबस्तान, आफ्रिका असे सर्वत्र धावत असल्याने भाग आणि मिस्त्री दोन्ही भेटतात. पिकअपवर कोठडी बसवताना मात्र एक पथ्य पाळावे. खडबडीत वाटेवर शिडीसारखी चौकट पिळवटते, तेव्हा ताठ कोठडी तिला चारही कोपऱ्यांत जखडून टाकली तर जोड फाटतात. तीन बिंदूंवर टेकवलेली कोठडी चौकटीला पिळवटू देते आणि स्वतः शाबूत राहते.

इंधनाची बाब बरेच जण विसरतात. 1 एप्रिल 2020 पासून आपल्या गाड्या भारत स्टेज सहाच्या झाल्या आणि त्यांस दर दशलक्ष भागांत 10 हून अधिक गंधक नसलेले डिझेल लागते. जेथे गंधकयुक्त डिझेल मिळते त्या देशांत धुराची गाळणी लवकर तुंबते. तेव्हा वाट ठरवतानाच त्या मुलखातील इंधनाची चौकशी करावी. सौरपट्ट्या, बॅटरी, शीतकपाट यांविषयी अधिक लिहीत नाही, कारण त्या वस्तू बदलता येतात. चौकट, उंची आणि वजनाची मर्यादा यांत मागाहून बदल होत नाही.

गुंथर होल्टॉर्फ या जर्मन गृहस्थाने 1988 सालची, 88 अश्वशक्तीची साधी मर्सिडीज जी-वॅगन पाव शतक चालवली, सुमारे नऊ लाख किलोमीटर अंतर तोडले आणि बहुतेक रात्री तिच्याच पाठीमागे गादी टाकून काढल्या. ती गाडी आता श्टुटगार्ट येथील मर्सिडीजच्या संग्रहालयात आहे. एवढ्या प्रवासाला पुरलेली गाडी मालवीय नगरातील कोणत्याही घराच्या फाटकातून आत जाईल इतकी लहान आहे.

इच्छुकाला माझा सल्ला इतकाच: एखादी भाड्याची किंवा मित्राची फोर बाय फोर पिकअप घ्यावी, आपला नियोजित संसार तीत भरावा, धर्मकाट्यावर तोलावा आणि सांभर किंवा समच्या बाजूला तीन रात्री काढाव्यात. त्या तीन रात्रींत जे हाती धरले गेले नाही ते परदेशातही धरले जाणार नाही. ते उतरवावे, पुन्हा तोलावे, आणि जो आकडा उरेल तो पेलणारी सर्वांत लहान गाडी निवडून मगच मुंबईला कार्नेटची हमी भरावी.