सांध्याचे गणित कोणी करायचे?

एखादा पूल किंवा इमारत कोसळली की लोकांत लगेच तर्कवितर्क सुरू होतात. कोणी म्हणतो मालात भेसळ असणार, कोणी म्हणतो गर्दीच फार झाली. लोकांचा राग आणि दुःख साहजिक आहे; पण खरे कारण गणितानेच शोधावे लागते. अमेरिकेतील एक उदाहरण पाहू.

कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलच्या मोठ्या दालनात १७ जुलै १९८१ रोजी संध्याकाळी नृत्याचा कार्यक्रम चालू होता. दालनात दुसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या उंचीवर, एकाखाली एक, असे दोन पादचारी पूल पोलादी सळयांनी छताला टांगलेले होते. प्रत्येक पूल सुमारे ३७ मीटर लांब व २९ टन वजनाचा होता. ते दोन्ही पूल एकाएकी खाली कोसळले. ११४ माणसे मृत्युमुखी पडली, दोनशेहून अधिक जखमी झाली. हॉटेल सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते!

पुलावरील लोकांच्या नाचाच्या ठेक्याने पूल डोलू लागले असावेत, असा तर्क प्रथम निघाला. पण थोड्याच दिवसांत ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने एका अभियंत्याच्या मदतीने शोधून काढले, की सळयांची रचना मूळ आराखड्याहून वेगळी होती.

हा फरक एका प्रयोगाने समजून घ्या. एक सुतळी टांगा आणि तिला वर-खाली दोन गाठी मारा. प्रत्येक गाठीवर भोक पाडलेला एकेक पुठ्ठा टेकवून त्यावर सारखे वजन ठेवा. वरच्या गाठीवर फक्त वरच्या पुठ्ठ्याचा भार येतो. आता सुतळी वरच्या गाठीखाली कापा आणि खालचा तुकडा वरच्या पुठ्ठ्यालाच बांधा. छतावरचा भार तेवढाच राहील; पण वरच्या गाठीवर आता दोन्ही पुठ्ठ्यांचा भार येईल. भोक फाटले, तर दोन्ही खाली!

हॉटेलात नेमके हेच झाले. मूळ आराखड्यात प्रत्येक सळई अखंड होती. बांधणीच्या सोयीसाठी तिच्या जागी दोन सळया आल्या, आणि चौथ्या मजल्याच्या तुळयांखालील नटांवरचा भार दुप्पट झाला. अखेर सळईचा नट तुळईतून आरपार निसटला. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने तपासणी केली. नियमाप्रमाणे हव्या असलेल्या ताकदीच्या मूळ सांध्यात ६० टक्केच ताकद होती, बदललेल्या सांध्यात तर केवळ ३० टक्के! म्हणजे दोष गर्दीचा नव्हता.

मग जबाबदार कोण? नकाशांवर अभियंत्यांच्या कार्यालयाचा मंजुरीचा शिक्का होता. पण या सांध्याचे गणित कोणीच केले नव्हते. फौजदारी खटला उभा राहिला नाही. मात्र १९८५ मध्ये मिसूरी राज्यातील सुनावणीत अभियंत्यांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका आला व पुढे त्यांचे परवाने रद्द झाले. शिक्का मारणे म्हणजे जबाबदारी पत्करणे, हाच त्या निर्णयाचा अर्थ.

यापुढे अशी बातमी वाचाल, तेव्हा ‘कोणाला पकडले?’ एवढेच विचारून थांबू नका. भार कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत जात होता, आराखडा कोणी बदलला आणि बदलानंतर गणित पुन्हा कोणी केले, हेही विचारा. हे प्रश्न विचारण्याचा हक्क त्या पुलावरून चालणाऱ्या प्रत्येकाला आहे.