दप्तर एका वाटेने, किल्ली दुसऱ्या वाटेने

न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरणारा माल साऱ्यांच्या नजरेस पडतो. अटल सेतूवरून उरणकडे येणाऱ्या प्रवाशाला क्रेनांची रांग आणि एकावर एक रचलेले कंटेनर दुरूनच दिसू लागतात. परंतु ज्या कागदपत्रांच्या आधारे त्या मालाचे मोल ठरते, त्यावर शुल्क आकारले जाते आणि अखेर तो धन्याच्या स्वाधीन होतो, ती कागदपत्रे आता बहुतांशी तारांवरून, कोणाच्याही नकळत ये-जा करीत असतात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग सीमाशुल्क खात्यापुढे ठेवावयाचे झाल्यास क्लिअरिंग एजंट ते डिजिटल स्वाक्षरीनिशी ‘ई-संचित’ या सरकारी व्यवस्थेत चढवितो, आणि प्रत्येक दस्तऐवजाला स्वतंत्र संदर्भ क्रमांक मिळतो. सरकारी दरवाजाच्या आतली ही वाट बांधीव आहे. काळजी करावी ती दरवाजापर्यंतच्या वाटेची.

कारण त्या दरवाजापर्यंत पोहोचण्यापूर्वी कारखान्यातून एजंटाकडे, एजंटाकडून अभियंत्याकडे आणि तेथून पुन्हा कारखान्याकडे अशी जी फायलींची फिरती चालते, तिच्यात यंत्रांचे नकाशे असतात, खरेदीचे खरे भाव असतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडल्यास धंदा बुडेल असा बराच मजकूर असतो. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात बांधकामांचे आराखडे करणाऱ्या वास्तुविशारदाची, किंवा ड्रोनने जमिनीची मोजणी करून शेकडो छायाचित्रे गोळा करणाऱ्या सर्वेक्षकाची अडचण हीच. फायली मोठ्या, मजकूर गोपनीय, आणि समोरच्याला त्या आजच्या आज हव्या असतात.

ई-मेल येथे अपुरा पडतो. जीमेलने जोडपत्रांना २५ एमबीची मर्यादा घातली आहे, आणि ई-मेलची व्यवस्था मुळात साध्या मजकुरासाठी रचलेली असल्यामुळे कोणत्याही फाईलला वाटेत अक्षरांचे रूप घ्यावे लागते, ज्यायोगे तिचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने फुगतो. मग मनुष्य सोपी वाट धरतो. कोणी व्हॉट्सॲपवर फाईल टाकून मोकळा होतो, तर कोणी एखाद्या फुकट सेवेवर ती चढवून नुसती लिंक धाडतो. ‘वीट्रान्सफर’ ही डच सेवा आपल्याकडे अशीच अंगवळणी पडली होती. मे २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे असंख्य लोक घरून काम करीत असताना, केंद्रीय दूरसंचार खात्याने ती देशात बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा आपले कामकाज कोणाच्या भरवशावर चालले होते याचा विचार अनेकांना प्रथमच करावा लागला.

ब्राउझरच्या पट्टीत दिसणारे कुलूप पाहून पुष्कळांचे समाधान होते. त्या कुलपाचा अर्थ इतकाच की आपल्या यंत्रापासून त्या सेवेच्या सर्व्हरपर्यंतचा प्रवास सांकेतिक रूपात होतो; सर्व्हरवर पोहोचलेली फाईल उघडण्याची किल्ली सामान्यतः त्या सेवेच्या चालकांपाशीच असते, आणि लिंक जर ‘ज्याच्या हाती पडेल त्याला उघडी’ अशी ठेवली असेल, तर ती पुढे कोणाकोणाकडे गेली याचा हिशेब कोणीच देऊ शकत नाही. म्हणून ज्याला खरोखर गुप्तता राखावयाची आहे त्याने फाईल आपल्या घरातच कुलूपबंद करावी आणि मगच तिची रवानगी करावी; मग वाहक कोण, हा प्रश्न पुष्कळसा गौण ठरतो.

हे कुलूप पुरेसे मजबूत आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ साली डेमन आणि राइमन या दोन बेल्जियन संकेतलिपीतज्ज्ञांची पद्धती ‘एईएस’ या नावाने स्वीकारली, आणि योग्य रीतीने वापरलेले तिचे कुलूप आजवर उघडपणे कोणी फोडून दाखविलेले नाही. ‘सेव्हन-झिप’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ती पद्धती कोणाच्याही संगणकावर आणून ठेवतो. उरणच्या एखाद्या कचेरीतून तीन जीबीचे नकाशे पुण्याच्या कारखान्याकडे धाडावयाचे आहेत असे समजू. कारकुनाने सारे नकाशे एका सेव्हन-झेड फाईलमध्ये बांधावेत, पासवर्ड घालावा, आणि फायलींची नावेही झाकण्याच्या चौकटीत खूण करण्यास विसरू नये. कारण आतील मजकूर बंद असला तरी नुसत्या नावांवरून, कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता भाव दिला, हे उमजू शकते. पासवर्डासाठी ‘रायगड’पुढे १६७४ लिहून भागत नाही, कारण तो तर्क चोरही करू शकतो. परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द निवडावेत. फाईलची लिंक केवळ ठराविक व्यक्तीच्या खात्यालाच उघडेल अशी करून ई-मेलने पाठवावी, तिला दोन-तीन दिवसांची मुदत घालावी, आणि पासवर्ड मात्र ओळखीच्या क्रमांकावर फोन करून तोंडी सांगावा. ज्या ई-मेलमध्ये फाईल त्याच ई-मेलमध्ये पासवर्ड, ही आपल्या कचेऱ्यांतली रीत साऱ्या बंदोबस्तावर पाणी फिरविते, कारण ज्याच्या हाती ते टपाल पडेल त्याच्या हाती दोन्ही वस्तू एकदमच पडतात.

पोहोचलेली फाईल तीच आहे काय, हाही प्रश्न महत्त्वाचा असतो, आणि तो या मुलखाला जुनाच आहे. शिवकालीन राजपत्रांच्या माथ्यावर राजमुद्रा असे, मजकूर संपताच मर्यादेची मुद्रा उठवीत, म्हणजे पुढे कोणाला अक्षर वाढविता येऊ नये. आणि कागदाचे बंद जेथे एकमेकांना जोडलेले असत, त्या सांध्यांवरही शिक्का असे, की मधला बंद काढून दुसरा चिकटविता येऊ नये. तेच काम आज ‘हॅश’ करतो. एसएचए-२५६ या पद्धतीने कोणत्याही फाईलचा ६४ चिन्हांचा ठसा निघतो, आणि तीन जीबीच्या नकाशांतील एक रेघ जरी इकडची तिकडे झाली, तरी तो ठसा पार बदलून जातो. पाठविणाऱ्याने आणि घेणाऱ्याने तो फोनवर ताडून पाहिला, म्हणजे रुजुवात झाली.

गणित असे भक्कम असताना दप्तरे फुटतात ती मुख्यतः नकलांमुळे. उरणच्या मोऱ्याहून मुंबईत भाऊच्या धक्क्याला लाँचने जाणारा मनुष्य जेथे उतरतो, तेथून जवळच माझगाव डॉक आहे. फ्रेंच आराखड्यांवरून स्कॉर्पीन जातीच्या पाणबुड्या तेथे बांधल्या गेल्या. त्यांतली पहिली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, या पाणबुड्यांसंबंधीची २२,००० हून अधिक पाने आपल्या पाहण्यात आल्याचे ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राने जाहीर केले आणि काही पाने नाजूक मजकूर झाकून छापलीही. त्या पत्राने दिलेल्या हकीगतीप्रमाणे ही माहिती फ्रान्समधून २०११ च्या सुमारास बाहेर पडली, आग्नेय आशियात हस्ते-परहस्ते फिरली, काही काळ इंटरनेटवरील एका सर्व्हरवर राहिली आणि शेवटी साध्या टपालाने एका डिस्कवर ऑस्ट्रेलियात पोहोचली. एवढ्या प्रवासात कोणाला सांकेतिक लिपी फोडण्याचे कष्ट करावे लागले नाहीत. एकाने नक्कल केली, आणि त्या नकलेच्या नकला झाल्या.

वाहकावरही अंधविश्वास ठेवून चालत नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचे विध्वंसक सॉफ्टवेअर युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अद्ययावत प्रतीतून शिरले, ‘मर्स्क’ या डॅनिश कंपनीचे जगभरचे संगणक त्याने बंद पाडले, आणि न्हावा-शेव्यातील तिच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. २०२३ मध्ये तर गोपनीय फायलींच्या सुरक्षित वाहतुकीसाठीच बड्या संस्था वापरीत असलेल्या ‘मूव्हइट’ या सॉफ्टवेअरमधील भेग शोधून ‘क्लॉप’ टोळीने असंख्य कचेऱ्यांच्या फायली पळविल्या. ज्यांनी फायली आधीच कुलूपबंद केल्या होत्या, किंवा पोहोच मिळताच सर्व्हरवरून उतरवून टाकल्या होत्या, त्यांच्यापुरता या चोरीचा दंश अर्थातच बोथट झाला.

काही वेळा तारांपेक्षा माणूस बरा. वर चढविण्याचा वेग २० एमबीपीएस असेल, तर १०० जीबीच्या छायाचित्रांना अकरा तासांहून अधिक काळ लागतो, आणि पावसाळ्यात वीज गेली की पुन्हा आरंभ. तितक्या वेळात कुलूपबंद हार्ड डिस्क घेऊन निघालेला शिपाई मांडव्याच्या रो-रो बोटीने मुंबई गाठून परतही येईल. डिस्क हरवली तरी मजकूर फुटत नाही, मात्र पासवर्डाची चिठ्ठी तिच्याच पिशवीत असता कामा नये.

कायदाही आता स्वस्थ बसलेला नाही. कराराने हाती आलेली कोणाची व्यक्तिगत माहिती दुष्ट हेतूने परस्पर उघड करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२-अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार माहितीच्या चोरीचा सुगावा लागल्यापासून सहा तासांत तिची वर्दी द्यावी लागते. परंतु सहा तासांत वर्दी देणाऱ्या कचेरीला प्रथम हे ठाऊक हवे की आपली कोणती फाईल कोणाकडे गेलेली आहे आणि तिची लिंक कोणत्या तारखेपर्यंत खुली आहे. आणि ते ठाऊक होण्यासाठी कोणतेही महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. जावक नोंदवहीत फाईलचे नाव, घेणाऱ्याचे नाव, लिंकची मुदत आणि ती बंद केल्याची तारीख असे चार रकाने आखले, आणि ते रोज भरण्याचे काम एका जबाबदार माणसाच्या गळ्यात घातले, की निम्मा बंदोबस्त त्याच दिवशी होतो.