लाजेपोटी दुखणं लपवू नका

मैत्रिणींनो, केमो घेतल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांत अंगातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. मग जांघेत, लघवीच्या जागेच्या कातडीला बुरशी धरते. बहुतेकदा ती साधी असते. खाज सुटते, लाली येते. क्वचित मात्र २०२१ साली कोरोनात ऐकलेली काळी बुरशीही तिथे शिरते. ती रक्तवाहिन्या बंद करते, म्हणून कातडी काळी पडते.

आपण लाजतो आणि दुकानातून खाजेचं मलम आणतो. त्यात स्टिरॉइड असलं तर बुरशी आणखी फोफावते. काळा डाग, फोड किंवा १००.४ अंश ताप दिसला, तर त्याच दिवशी केमोच्या डॉक्टरांना सांगा. तिथे पोचणं जमत नसेल, तर दारव्ह्याहून यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय रुग्णालय गाठा. गटातल्या बाईला सोबत न्या.